अंगणातल्या खोलीची ऊब

उमसुनायला आजवर एकाही घरमालकाने नकार दिला नव्हता. हेच तर तिचं दुखणं होतं.

बिश्केक शहराच्या कडेकडेच्या वस्त्यांमध्ये ती कुठल्याही फाटकाशी उभी राहिली की आधी कुत्रं भुंकायचं, मग मालकीण यायची आणि "दारात काय उभी राहतेस, आत ये" म्हणत तिला थेट दस्तरखानापाशी, खाण्यासाठी अंथरलेल्या चादरीपाशी, नेऊन बसवायची. रोटीचा तुकडा मोडायचा, साय घ्यायची, दुधाचा चहा प्यायचा. एक पेला संपला की दुसरा हजर. एवढं झाल्यावर ती मालकाला आके, म्हणजे दादा, म्हणत आपलं म्हणणं मांडायची. आके, अंगणातली जी खोली तुम्ही भाड्याने दिली आहे तिच्यातली कोळशाची भट्टी काढू, भिंतींना बाहेरून जाड थर चढवू, खिडकी दुहेरी काचेची बसवू आणि विजेवर चालणारा हीट पंप लावू. अर्धा खर्च आमची संस्था करील. मालक सगळं ऐकायचा, मान डोलवायचा, मध्येच एखादा शहाणा प्रश्नही विचारायचा. आणि शेवटी म्हणायचा, "बघू, वसंत आला की."

वसंत आला की थंडीची आठवण कोणाला राहते? मग उन्हाळ्यात लग्नं, शरदात बटाटे, आणि पुन्हा हिवाळा लागून शहरावर कोळशाच्या धुराचं झाकण बसलं की उमसुनाय फाटकाशी हजर. पुन्हा चहा. ताकास तूर लागू न देणाऱ्या माणसांच्या घरी चहा पिऊन पिऊन तिची तहान मेली होती. तोंडावर नाही म्हणणारा एखादा उद्धट माणूस भेटावा, असं तिला कधीकधी मनापासून वाटायचं. निदान चहा तरी वाचला असता.

एकदा एका मालकाने खरं कारण सांगितलं होतं. कोळसा भाडेकरू विकत आणतो, राख तो काढतो, थंडी त्याला वाजते, मग पैसे मी का घालायचे? उमसुनायने उत्तर दिलं होतं, "पण आके, भिंत तुमची आहे ना?" तो माणूस हसला होता. पुढे ते वाक्य ती सगळीकडे म्हणू लागली. तिच्या पोतडीत त्याहून चांगलं वाक्य नव्हतं, आणि तेही पालथ्या घड्यावर पाणीच ठरायचं.

ती मूळची तळ्याकाठच्या गावची. नवरा गेला, एकुलती एक मुलगी लग्न होऊन दक्षिणेला गेली, तेव्हा ही शहरात आली आणि विजेचे मीटर वाचायच्या कामाला लागली. कुत्र्यांची भीती नाही, जिभेवर साखर, आणि कुठल्याही घरात बूट काढायला लाजू नये असे न फाटलेले मोजे, एवढ्या भांडवलावर संस्थेने तिला उचललं. मात्र ती स्वतः कुठे राहते हे तिने संस्थेत कोणाला सांगितलं नव्हतं. रायकान-एजे, म्हणजे रायकानताई, या निवृत्त ट्रॉलीबस चालकबाईच्या अंगणातल्या खोलीत ती भाड्याने राहायची. तिथे कोळशाची भट्टी होती, एकेरी काच होती, आणि पहाटे बादलीतलं पाणी वरून गोठलेलं असायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रायकान-एजेला हे सगळं समजावून सांगावं असं तिच्या अनेकदा मनात आलं, पण जीभ वळत नव्हती. दुसऱ्यासाठी मागताना तिचा आवाज खणखणीत असायचा. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की लाज वाटायची.

या अंगणातल्या खोल्यांना इथे व्रेम्यांका म्हणतात, म्हणजे तात्पुरती. मोठं घर बांधून होईपर्यंत मालकाने डोक्यावर छप्पर म्हणून उभी केलेली. मोठं घर होतं, मालक तिकडे जातो, आणि तात्पुरतीत भाडेकरू येतो. मग त्या तात्पुरतीत माणसांची अर्धी हयात जाते. भिंती मातीच्या, छत बुटकं, आणि धुराडं असं की धूर बाहेर जाण्यापेक्षा आत राहणं पसंत करतो.

मुकाश-आके नावाच्या एका मालकाच्या व्रेम्यांकात बेगिमाय राहायची. डोंगराळ नारिनकडची मुलगी, नवरा रशियात बांधकामावर, पदरी आयझादा नावाची सहा वर्षांची पोर. कारखान्यातून कापलेलं कापड आणून ती घरीच शिवायची. उमसुनाय पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा बेगिमाय बोटं कापलेले हातमोजे घालून मशीनवर बसली होती आणि आयझादा खोकत होती. साधा खोकला नव्हता तो. पोर खोकायची आणि मग पुढच्या खोकल्याची वाट पाहत गप्प बसायची. बेगिमाय म्हणाली की उन्हाळ्यात खोकत नाही, भट्टी पेटली की सुरू होतो. भट्टी विझवली तर हात चालत नाहीत, आणि हात चालले नाहीत तर दोघींनी खायचं काय?

उमसुनायने त्या दिवशी ठरवलं की बाकीची घरं गेली खड्ड्यात, ही एक खोली झाल्याशिवाय हिवाळा सोडायचा नाही.

मुकाश-आके पूर्वी मेंढ्यांचे ट्रक चालवायचा. मोठं घर त्याने खरोखर मोठं बांधलं होतं, पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं एवढं. हिवाळ्यात ते तापवताना नाकी नऊ येत, म्हणून निम्म्या खोल्या बंद करून सगळे स्वयंपाकघराच्या आसपास वावरायचे. त्याने उमसुनायला अर्थातच चहा पाजला आणि वसंताचा वायदा केला. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला तिने पेला पालथा घातला आणि म्हणाली की आज चहा नको, उत्तर हवं. त्याची बायको सोनुन दचकली. पाहुण्याने चहा नाकारणं म्हणजे घराला नाव ठेवणं. आणि नेमकं तेव्हाच अंगणापलीकडून आयझादाचा खोकला ऐकू आला, इतका वेळ चालला की सोनुनने उचललेली किटली खाली ठेवली. मुकाश-आकेची म्हातारी आई, कालिपा-आपा, कोपऱ्यात शालीत गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "मुकाश, लेकराचा तळतळाट घराला लागतो हो."

मुकाश-आके तयार झाला. संस्थेची अट होती की दोन हिवाळे भाडं वाढवायचं नाही आणि भाडेकरूला काढायचं नाही. कागदावर सही झालीच, पण कागदाचं काय घेऊन बसलात, त्याने स्वतःहून दस्तरखानावरची रोटी उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "पोरीला काढणार नाही. भाडं वाढवणार नाही. खोटं बोललो तर ही रोटी मला बघून घेईल." रोटीवर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस उमसुनायने अजून पाहिला नव्हता. परतताना बसमध्ये ती एकटीच हसत होती.

काम झालं. भट्टी फोडून काढली, भिंतींना थर चढला, नवी खिडकी आली, आणि छताखाली हीट पंपाची पांढरी पेटी लागली. ती पेटी गुरगुरली आणि खोलीत ऊब पसरली, तेव्हा आयझादाने स्वेटर काढला, मग दुसरा स्वेटर काढला आणि हात पसरून खोलीभर गरागरा फिरली. बेगिमायने हातमोजे मशीनच्या खणात टाकले. काही दिवसांत पोरीचा खोकला विरळ झाला. त्या घरातला चहा उमसुनाय मनापासून प्यायली, आणखी मागून प्यायली.

इथपर्यंत गोष्ट थांबली असती तर किती बरं झालं असतं.

सुरुवात कणकेपासून झाली. सोनुन एके सकाळी झाकलेली परात घेऊन आली. स्वयंपाकघरात कणीक फुगत नाही गं, तुझ्याकडे ठेवते जरा. बेगिमायने आनंदाने जागा दिली. मालकिणीची कणीक आपल्या खोलीत फुगावी यात तिला मानच वाटला. मग धुतलेले कपडे आले, बाहेर टाकले तर फळीसारखे कडक होतात म्हणून. मग दूध विरजायची बरणी आली. आणि एका दुपारी दार लोटून काठी टेकत कालिपा-आपा स्वतः आली. म्हणाली, नमाजापर्यंत बसते, गुडघे शेकते.

नमाज झाला, संध्याकाळ झाली, आपा उठली नाही. कशी उठेल? एवढ्या मोठ्या घरात तिच्या हाडांना जी ऊब मिळाली नव्हती ती या तात्पुरतीत होती. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली. आठवडा उलटायच्या आत तिची गादी आली, उशी आली, आणि दारासमोरच्या मानाच्या जागी मांडली गेली. भटाला दिली ओसरी तर भट हातपाय पसरी, हे जगभर ऐकायला मिळतं. इथे ज्याची ओसरी त्यानेच देऊन वर हातपाय पसरले होते.

आपा जिथे बसेल तिथे घराची चूल सरकते. तिला सलाम करायला नातलग येऊ लागले. पुतणे, भाचसुना, गावाकडची माणसं. पूर्वी ते मोठ्या घरात जायचे आणि कुडकुडत लवकर निघायचे. आता ते व्रेम्यांकात यायचे आणि पाय पसरून बसायचे. आणि खोलीत वयाने सगळ्यांत लहान बाई कोण? बेगिमाय. म्हणजे चहा ओतायचा तिने, पेला रीतीप्रमाणे अर्धाच भरायचा, संपला की पुन्हा भरायचा. मशीन सुरू केलं की आपा कानावर हात ठेवायची. रागाने नाही, बिचारीच्या कानात खरंच घरघर व्हायची. बेगिमाय रात्री शिवू लागली, तर आपाची झोप मोडायची. कारखान्याचं कापड गठ्ठ्यात तसंच पडून राहू लागलं. ठेकेदाराने एकदा बजावलं, दुसऱ्यांदा काम कमी दिलं.

उमसुनायला हे कळलं ते बेगिमायकडून नव्हे. ती सहज डोकावली, तर खोलीत माणसंच माणसं, आणि बेगिमाय दाराशी किटली घेऊन गुडघ्यांवर बसलेली. कोणाच्या तरी घरची सून वाटावी अशी. मशीनवर आपाची शाल वाळत होती.

ती तडक मोठ्या घरात गेली. मुकाश-आके टोपी घालून, कोट घालून, गार खोलीत टीव्ही बघत होता.

"आके, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मग? काढलं तिला?"

"नाही."

"भाडं वाढवलं?"

"नाही वाढवलं, पण—"

"पण काय? रोटी हातात घेऊन बोललो ते तसंच्या तसं पाळलंय. तुझ्या कागदात असं लिहिलंय का, की म्हातारीने ऊब घेऊ नये म्हणून?"

उमसुनाय म्हणाली की खोली बेगिमायची आहे, ती भाडं देते, तिथे तिचं काम चालतं. मुकाश-आकेने टीव्हीचा आवाज बंद केला. तो नाटक करत नव्हता, त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं.

"म्हणजे मी काय करू, उमसुनाय? आईला हाताला धरून गारठ्यात आणून बसवू? सांग, बसवतो. तू तोंडाने म्हण फक्त."

हे कोण म्हणणार? उमसुनायच्या सात पिढ्यांत असं म्हणणारं कोणी झालं नव्हतं. तिने दुसरा मार्ग काढला. म्हणाली, मग मोठ्या घरातली एक खोली आपासाठी अशीच करून घ्या. अर्धा खर्च मिळणार नाही, ती मदत भाड्याच्या खोल्यांनाच आहे, पण खोली होईल. मुकाश-आकेने मान डोलवली आणि म्हणाला, "बघू, वसंत आला की."

तिला त्या क्षणी टीव्ही उचलून आपटावासा वाटला.

मग तिने ठरवलं, आपाशीच बोलायचं. म्हातारी शहाणी आहे, लेकराच्या खोकल्याची कणव तिलाच आली होती. ती गेली तेव्हा पाहुणे नव्हते. आयझादा आपाच्या मांडीला टेकून बसली होती आणि आपा तिच्या बारीक बारीक वेण्या घालत होती. पोरीच्या तोंडात सुक्या दह्याची गोळी होती. उमसुनाय शेजारी बसली, शब्द जुळवू लागली. पण आपाच आधी बोलली.

"तूच ना गं ही पेटी आणणारी? किती वर्षांनी माझे गुडघे रात्रीचे गप्प झालेत. ये, हात पुढे कर."

आणि तिने दोन्ही तळवे उघडले आणि आशीर्वाद दिला. लांबलचक, सगळ्या पितरांना साक्षीला बोलावून, तुझ्या वाटेत काटा न येवो, तुझ्या हाताने अशाच हजार खोल्या उबदार होवोत. उमसुनायने तळवे उघडून तो घेतला, चेहऱ्यावरून हात फिरवला. आशीर्वाद घेतल्यावर त्याच तोंडाने, आपा, आता इथून उठा, असं कसं म्हणणार? ती उठून बाहेर आली आणि अंगणातल्या बर्फात उभी राहून स्वतःवरच चरफडली. कोणी दुष्ट असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. इथे सगळे चांगले. आई चांगली, मुलगा आईवेडा, सून कष्टाळू, भाडेकरू मर्यादशील. आणि या सगळ्या चांगुलपणाच्या ओझ्याखाली एक बाई चिरडली जात होती.

संस्थेत तिने साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की अट मोडलेली नाही. शिवाय ज्येष्ठ नागरिकालाही फायदा झाला, हे तर चांगलंच. ते तर कालिपा-आपाचा पेटीखालचा फोटो काढून घ्या म्हणाले.

बेगिमायने वसंतातल्या नवरोजच्या सणाआधीच खोली सोडली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. उलट सोनुन रडली, आपाने पोरीला दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधून दिली, मुकाश-आकेने स्वतःच्या गाडीत मशीन चढवलं आणि गाडीचं भाडं घेतलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. म्हणजे मुकाश-आकेचा. आयझादाचा परत येणार होता, कारण नवी खोली बाजाराच्या पलीकडे होती आणि तिथे कोळशाची भट्टी होती.

उमसुनाय सामान लावू लागायला गेली. बेगिमाय भट्टीत काटक्या रचत होती. तिने खणातले हातमोजे काढून हातात चढवले. उमसुनायला कुठे बघावं कळेना. ती म्हणाली की मी तुझं वाटोळं केलं, माझ्यामुळे हे झालं. बेगिमायने काडी ओढली.

"एजे, असं नका म्हणू. इथे थंडी आहे, पण दाराला आतून कडी आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उमसुनायला परत बोलता आलं असतं. धूर आत यायला लागला. आयझादा एकदा खोकली आणि पुढच्याची वाट पाहत गप्प बसली.

पुढचा हिवाळा आला तो चमत्कार घेऊन. कालिपा-आपाच्या पाहुण्यांनी सगळ्या वस्तीत बातमी पसरवली होती की मुकाशच्या अंगणात म्हातारीचे गुडघे बरे करणारी पेटी आहे. संस्थेच्या भिंतीवर आपाचा हसरा फोटो लागला होता. आता घरमालक स्वतः फोन करायचे. कोणी वसंताचं नाव काढेना. ज्यांनी चहावर चहा पाजून घोंगडं भिजत ठेवलं होतं तेच म्हणू लागले, लवकर ये, आमच्या अंगणातली खोली आधी कर. उमसुनाय विचारायची, तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे का? लोकांना तिचा हा जिव्हाळा आवडायचा. हो, आहे ना, आई आहे, सासरे आहेत. मग ती भाडेकरूच्या खोलीकडे न बघता सह्या घ्यायची. संध्याकाळी बसमधून परतताना आता ती हसत नसे. साहेब मात्र तिच्यावर फार खूश होते.

अशाच एका संध्याकाळी ती अंगणात शिरली तेव्हा रायकान-एजे व्हरांड्यात पाय चोळत बसली होती. तिने उमसुनायला हाक मारली. ट्रॉलीबस चालवून चालवून बाईचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता.

"काय गं, सगळ्या बिश्केकला ऊब वाटत फिरतेस, आणि माझ्या अंगणात राहून मला एका शब्दाने सांगत नाहीस? आज दुकानात ऐकलं. अर्धा खर्च म्हणे तुमची संस्था देते."

उमसुनाय बूट झटकत उभी राहिली. बर्फ आधीच झडून गेला होता, तरी ती झटकतच राहिली.

"तुझी खोली करून टाकू. भिंत माझी आहे ना? मग खर्च मी नाही तर कोण करणार?" रायकान-एजेने गुडघ्यावर हात ठेवला. "आणि मलाही हे पाय काही सुचू देत नाहीत गं आताशा. रात्र रात्र डोळा लागत नाही."

उमसुनायने आपल्या खोलीकडे पाहिलं. खिडकीची एकेरी काच आतून गोठून पांढरी झाली होती. भट्टी विझली असणार, बादलीत कोळसा भरायचा होता, राख काढायची होती. दारावर तिचं कुलूप होतं.

"मला एवढी थंडी वाजत नाही, एजे," ती म्हणाली.

रायकान-एजेने तिचा हात ओढून आपल्या हातात घेतला. "नाही वाजत? हात तर बर्फ झालाय."

"आमचे तळ्याकाठच्यांचे हात असेच असतात." उमसुनायने हात सोडवून घेतला आणि खिशातली किल्ली चाचपली. "आणि आता भर हिवाळ्यात कुठे भिंती फोडत बसायचं? बघू, वसंत आला की."